साहेबाची चूल

दिलावरला माती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोऱ्या साहेबाची मोटार बाबाजान पिंजाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्याच मोटारीनं बेलापूरच्या वेशीजवळ दिलावरला उडवलं होतं. कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून बाबाजानचा हा एकुलता लेक रस्त्याच्या कडेनं चालला होता. लढाईपायी गावाला दिव्यापुरतं रॉकेल मिळत नव्हतं. साहेबाच्या मोटारीला मात्र पेट्रोल मिळत होतं, आणि ती पळतही होती झोकात.

साहेब उतरला, टोपी काढून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. त्यातला एकच शब्द बाबाजानच्या कानात राहिला, सॉरी. त्यानं राधाकृष्ण मास्तरांकडं पाहिलं. गावात इंग्रजी शिकवणारे तेवढे एकच, तेही भेटायला आलेल्यांत बसले होते.

"साहेब माफी मागताहेत," मास्तर म्हणाले.

मयताच्या घरी कुणी माफी मागितली तर ती अडवून धरायची नाही, ही बाबाजानच्या घरची रीत. त्याच्या अंगात ना राग होता, ना रडू. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे झाले होते. "माफ केलं," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. साहेबानं मान हलवली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मास्तर एकटेच परत आले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाबाजान, माझ्या हातून चूक झाली. सकाळी मोटारीत चढताना साहेबाचा बूट माझ्या पायावर पडला. तेव्हाही तो तेच म्हणाला, सॉरी. मग मला चैन पडेना. घरी जाऊन मोठा शब्दकोश काढला."

"मंग?"

"त्या शब्दात मागणं नाही. आपण 'मी दमलेला आहे' म्हणतो ना, तसा तो आपली स्थिती सांगायचा शब्द. फार जुना. मूळ जखमेतलं, ठणक्यातलं. ज्याला दुखतंय तो सॉरी. पुढं चूक कबूल करतानाही म्हणू लागले. आता तर वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय, की पाय लागला तरी म्हणतात आणि माणूस मेलं तरी म्हणतात. साहेबाच्या मनात काय होतं, देव जाणे. मी आपलं माफी म्हणून मोकळा झालो."

"म्हंजी त्यानं मागितलीच न्हाई?"

"मागितली, असं आता मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही."

"आन् म्या दिली."

मास्तर मान खाली घालून गेले. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, बोलायचं घाईनं आणि पुस्तक उघडायचं सावकाश.

दिलावरची आई अख्तरी आतून सारं ऐकत होती. ती दारात आली.

"अवो, दुखतंय म्हनला ना त्यो?"

"मास्तर तसं म्हनले."

"मंग त्याचीबी चूल पेटली नसंल."

मयत झालेल्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण आणून देतात. शेजारच्या मनकर्णानं दुपारी आणलेलं पिठलं-भाकरी तसंच पडलं होतं. अख्तरीनं ते फडक्यात बांधलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. बाबाजानला यात काही वावगं वाटलं नाही. डोकंच बधिर झालं होतं, त्याला काहीही पटलं असतं. वेशीजवळ दिलावर पडला होता ती जागाही तो तसाच ओलांडून गेला.

साहेबाच्या बंगल्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. फाटकापर्यंत मटणाचा वास येत होता. खिडकीतून साहेब जेवताना दिसला. पाव मोडून रश्शात बुडवत होता, रोज जेवत असेल तसाच. खानसाम्यानं बाहेर येऊन काय पाहिजे म्हणून विचारलं. बाबाजान माघारी फिरला.

दारात अख्तरी उभीच होती. तिनं त्याच्या हातातलं गाठोडं पाहिलं.

"घेतलं न्हाई?"

"चूल पेटलीया त्याची."

तिनं ते आपल्या हातात घेतलं. "आन् माफी?"

"म्या दिलेली, ती ऱ्हायली त्याच्याकडंच," बाबाजान म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून लेकासाठी पहिल्यांदा रडला.