चार किलो पितळेचा घाम

देवीच्या पितळी मूर्तीला घाम फुटतो तो फक्त पिशाच्चाशी झुंजताना, हे त्रिकालाबाधित सत्य जानेवारी १९८६मध्ये मिशिगनमधल्या नोव्हायला, प्रतापच्या बेसमेंटमध्ये सिद्ध झालं. खिचडीच्या पातेल्याची वाफ आणि पन्नास भक्तांचे श्वास यांनी खिडक्यांच्या काचाही घामाघूम झाल्या होत्या. पण त्यांना कोणी नमस्कार करत नव्हतं.

"शक्ती झुंजतेय!" गुरुदत्त महाराज गरजले. "घाम आहे तोवर मार. घाम सुकला की पिशाच्च गेलं!"

प्रताप मोटार कंपनीतला इंजिनियर. पट्टा काढून तो बायकोवर तुटून पडला. मूल पोटातच गेल्यापासून सुलेखा बोलत नव्हती, एवढंच तिचं पिशाच्च. तिसऱ्या फटक्याला बकलाने तिचा ओठ फाडला. मग लाथा.

तिची मैत्रीण विनीता मध्ये पडली, तर भक्तांतल्या नरेंद्रकाकांनी तिला भिंतीवर आपटलं.

"बाजूला हो! महाराज एक्स्पर्ट आहेत."

"कशातले, काका?"

थप्पड बसली. ती उत्तरादाखल होती.

विनीता गाड्यांच्या एसीच्या लॅबमध्ये होती. दमट हवेतलं पाणी कधी सुटतं, हे मोजण्याचाच तिला पगार मिळायचा. तिने ओरडून विचारलं, "मूर्ती कुठे ठेवता रे?"

"गॅरेजमध्ये," प्रताप धापा टाकत म्हणाला. "आरतीपुरती आत्ता आत आणली. घरात चिकन होतं. देवीला सोवळं नको?"

विनीताने बाथरूममधला हेअर ड्रायर आणून मूर्तीवर धरला. तीन मिनिटांत देवी कोरडी ठणठणीत.

"गेलं पिशाच्च. टाक पट्टा."

नियम महाराजांचाच, प्रतापचा हात थांबला.

"हा अधर्म आहे!" महाराज किंचाळले.

विनीताने गॅरेजमधून सोड्याचा कॅन आणून देवीशेजारी ठेवला. बघता बघता त्यावरून थेंब ओघळले.

"हाही झुंजतोय का, महाराज? ऑरेंज फ्लेवरची शक्ती?"

कोणीतरी हसलं. प्रतापने पट्टा उचलून महाराजांच्या तोंडावर हाणला. दोन दात खिचडीत पडले.

विनीताने त्याचं मनगट पिरगळलं. "अरे, आता तरी डोकं चालव! दमट हवा गार वस्तूला टेकली की तिच्यातली वाफ पाणी होते. मूर्ती गरम झाली की सुकते. माणसाला मारण्याआधी एवढं तरी विचारत जा, दुसरं काही कारण असेल का? ॲम्ब्युलन्स बोलवा कोणीतरी!"

गारठलेल्या गॅरेजमधून आलेली मूर्ती छत्तीस फॅरनहाइटला होती, आणि बेसमेंटचा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होते ते तापमान, साठ. सुलेखाच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या.

प्रतापला कॉलेजात थर्मोडायनॅमिक्समध्ये शंभरपैकी ब्याऐंशी होते.