रविवारी कुटलेली चटणी

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे, मित्रांनो, आणि माझा पिंडच अस्वस्थ. तुम्हाला वाटेल, साडेआठ किलोचं लोखंड, ठेवाल तिथे गपगुमान बसेल. पण ज्याचा जन्मच ठोके खाण्यासाठी झाला, त्याला स्वस्थता कुठली? बत्ता वर उचलला की तो आता पडेल, मग पडेल, या विचाराने माझा तळ थरथरायला लागतो. जर्मनीहून परत आल्यापासून तर हे फारच वाढलं आहे. आता माझ्याखाली शहाबादी फरशी आणि तिच्याखाली माती आहे. तरीही पहिला ठोका पडला की मला वाटतं, खाली कुणी आजारी तर नाही?

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत झाला. तिथे धोंडीराम कांबळे वाळूचे साचे करायचे. एका शनिवारी पंपांची झाकणं ओतून झाल्यावर थोडा लोखंडाचा रस उरला. धोंडीरामांनी मालकांना विचारलं आणि त्या रसातून मला ओतलं, आपल्या नव्या नवरीसाठी. साचा घाईत केलेला. एका बाजूची वाळू जरा ढासळली आणि माझ्या बुडाला फुगवटा आला. त्यामुळे मी कधीच सपाट बसलो नाही. बत्ता पडला की एक आवाज वर जातो आणि मी हलल्यामुळे दुसरा खाली.

ती नवी नवरी म्हणजे शेवंताबाई. तीस-बत्तीस वर्षं तिने माझ्यात लसूण, खोबरं आणि तीळ कुटले. मिरच्या ती कांडपाला द्यायची, पण लसूण मात्र माझ्यातच. "मशिनीत लसूण मरतोय," असं तिचं ठाम मत. आमच्या गल्लीत घराला घर लागून होतं. माझा आवाज सुरू झाला की पलीकडच्या बयाबाई चमच्याने भिंतीवर टकटक करायच्या. त्याचा अर्थ, चटणी झाली की वाटीभर इकडे. मग शेवंताबाई आणखी जोरात कुटायची. सगळी गल्ली माझं कौतुक करायची. मलाही वाटायचं, आवाज म्हणजेच आपली कीर्ती!

धोंडीराम वारले आणि घर एकदम मोठं वाटू लागलं. त्यांचा मुलगा प्रसेनजीत शिकून इंजिनिअर झाला होता. बायको मनाली हिच्यासह तो जर्मनीतल्या एका लहान शहरात नोकरी करत होता. त्याने आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मुंबईच्या विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. तिथल्या मुलीने काहीतरी काढायला सांगितलं, तेव्हा शेवंताबाईने दोन साड्या आणि स्वेटर काढून पोचवायला आलेल्या भाच्याकडे दिला. मला हात लावू दिला नाही.

"स्वेटर तिकडं मिळतोय की," ती म्हणाली. "ह्यो मिळंल व्हय?"

प्रसेनजीतचं घर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना लाकडी, जमीनही लाकडी. मला स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलं तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं. खाली पोकळ होतं. कुणीतरी मला एखाद्या मोठ्या ढोलकीवर ठेवल्यासारखं.

पहिला रविवार उजाडला. प्रसेनजीत आणि मनाली बाजूच्या गावी एका मित्राकडे गेले होते. घर इतकं शांत की शेवंताबाईला ते सोसेना. रस्त्यावर माणूस नाही, दुकान उघडं नाही, कुठे रेडिओ नाही. तिने सोबत आणलेलं खोबरं भाजलं, लसूण सोलला, लाल तिखट काढलं आणि मला पुढ्यात ओढलं.

पंधरा-वीस ठोके झाले असतील. खालून आवाज आला. ठक, ठक, ठक. कुणीतरी झाडूच्या दांड्याने छतावर मारत होतं.

शेवंताबाईचा चेहरा उजळला. सात समुद्रांपलीकडे तिला बयाबाई भेटल्या होत्या!

"आलं आलं, वाईच दम धर!" असं म्हणत तिने बत्ता दुप्पट जोराने हाणला. खालून पुन्हा ठकठक झाली. ती आणखी खुश. मी मात्र खुश नव्हतो, मित्रांनो. माझा खाली जाणारा आवाज कुठे जातो ते मला त्या पोकळ जमिनीतून कळत होतं. प्रत्येक ठोक्यानंतर खाली कुणीतरी कण्हत होतं. मी ओरडून सांगणार कसा? मला फक्त वाजता येतं, आणि वाजणं हाच तर गुन्हा होता.

चटणी झाल्यावर शेवंताबाईने वाटी भरली, पदर सारखा केला आणि हसत खाली गेली. दोन मिनिटांत ती परत आली. वाटी तशीच भरलेली. ती खुर्चीवर बसली आणि संध्याकाळी मुलगा येईपर्यंत उठली नाही.

"दार उघडलं, माझ्याकडं बघिटलं, वाटीकडं बघिटलं आणि तोंडावर दार लावलं," तिने प्रसेनजीतला सांगितलं. "लहानपणी आमच्या गावात बी अशीच दारं लावायचे आमाला बघून. मला वाटलं, ते सगळं मागं टाकून तू हितं आलास. हितं बी तेच हाय की रं."

"आई, तसं काय न्हाय," प्रसेनजीत म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

चार दिवसांनी पत्र आलं. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीने लिहिलं होतं की रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. तुमच्या घरातून दोन तास ठोकण्याचा आवाज आला. पुन्हा तक्रार आली तर भाडेकरार पुढे चालवायचा की नाही, याचा विचार करावा लागेल. हे घर मिळवायला प्रसेनजीतला सात महिने लागले होते. त्याने पत्र वाचून दाखवलं आणि त्याचा तोल सुटला.

"हे कोल्हापूर न्हाय, आई! हितं रविवारी भिंतीला खिळा बी मारत न्हाईत!"

"मग तू मला का सांगितलं न्हाईस?"

त्याने पत्राची घडी केली आणि म्हणाला, "नियमांच्या कागदावर माझीच सही हाय. सांगायला पायजे हुतं. पर तू पयल्यांदा आलीस, आल्या आल्या तुला हे करू नको, ते करू नको कसं म्हणू? वाटलं, तू रुसशील."

त्याच रात्री त्याने मला उचलून तळघरात नेऊन ठेवलं. इमारतीतल्या सगळ्यांच्या सायकली, जुने पंखे आणि खोकी तिथे असत. तिथे मी अकरा दिवस होतो. आयुष्यात प्रथमच मला कुणी ठोके देत नव्हतं आणि त्या शांततेतही मला चैन नव्हती. खाली कण्हणारं माणूस कोण, याचाच मी विचार करत होतो. तळघराचं दार जिन्याच्या तोंडाशीच होतं. माणसं जायची, यायची, हळू बोलायची. एक जड पाऊल आणि त्यामागे ओढलं जाणारं दुसरं, असं कुणीतरी रोज फार सावकाश उतरायचं.

बाराव्या दिवशी सकाळी वरून शेवंताबाईचा आवाज ऐकू आला. "मला माघारी पाठवा. माझा खलबत्ता घेतो आणि जातो बघ मी." कोल्हापूरच्या बायका 'जातो', 'येतो' असंच बोलतात, आणि रागात असल्या तर जरा मोठ्याने. तिच्यामागे घराचं दार धाडकन आपटलं. अख्खा जिना हादरला.

आणि लगेच जिन्यावर काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. पाठोपाठ एका बाईची किंकाळी आली.

धावती पावलं वाजली. ती शेवंताबाईची होती, मी ती ओळखतो. "धरलं, धरलं, बसा हितं, हळू," ती मराठीत म्हणत होती. ज्याला ती हे म्हणत होती तो माणूस कण्हत होता. ते कण्हणं मी ओळखलं.

मनाली धावत खाली आली. तिला जर्मन चांगलं येत होतं. पायरीवर बसलेले म्हातारे गृहस्थ म्हणजे खालच्या मजल्यावरचे लेन्झ. त्यांना धरून उभ्या असलेल्या बाईनेच त्या दिवशी दार लावलं होतं. लेन्झबाई भडाभडा बोलत होत्या आणि मनाली एकेक वाक्य सासूला सांगत होती.

"आई, त्यांना हिवाळ्यात मेंदूचा झटका आला होता. मोठा आवाज झाला की डोक्यात कळ जाते आणि पायातला जीव जातो. त्यांची झोपायची खोली आपल्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे."

शेवंताबाई म्हणाली, "आत्ता दार मीच आपटलं."

"हो."

"मग त्या दिशी ह्यांनी मला सांगितलं का न्हाय? वाटी घेऊन गेलतो मी."

मनालीने विचारलं. "त्या म्हणतात, मी तीनतीनदा छतावर झाडू मारला, आणि तुम्ही जास्तच जोरात ठोकायला लागलात. मग लाल तिखटाची वाटी घेऊन हसत दारात आलात. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांची थट्टा करताय."

"अगं बया!" शेवंताबाई मटकन पायरीवर बसली. "मला वाटलं चटणी मागाय लागल्यात!"

मनालीने हेही सांगितलं. म्हातारे लेन्झ हसले. हसताना त्यांना त्रास होत होता, तरी हसले. लेन्झबाई मात्र हसल्या नाहीत. त्या रडल्या. हिवाळ्यापासून त्या धड झोपल्या नव्हत्या.

"मनाली, चुकलं कसं म्हणत्यात ह्यांच्यात?"

"टूट मिर लाइट."

"कसली मिरची?"

"मिरची नाही, आई. टूट, मिर, लाइट."

शेवंताबाईने ते तीन शब्द एकेक करून म्हटले. उच्चार काही जमला नाही, पण लेन्झबाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, मी त्या दिवशी कोल्हापूरला परतलो नाही. शेवंताबाईने मला वर नेलं, आणि स्वयंपाकघरात नव्हे, तर दारामागे गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आली. मनालीने वाचली. 'मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते बारा आम्ही व्यायामाच्या उपचारासाठी बाहेर असतो. तेव्हा तुमचं काम करा. मला माहीत नव्हतं की तो स्वयंपाकाचा आवाज आहे. मला वाटलं, तुम्ही घर पाडताय.' पुढे लिहिलं होतं, कचेरीला मी दुसरं पत्र लिहिलं आहे, काळजी करू नका.

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी शेवंताबाई खिडकीशी उभी राहायची. लेन्झ पतिपत्नी वळणापलीकडे दिसेनासे झाले की मगच मला बाहेर काढायची. माझ्याखाली चार घड्या घातलेली वाकळ असायची. मी हलू नये म्हणून ती मला दोन्ही पायांच्या मधे धरायची. घर रिकामं होतं, तरी ती हळू कुटायची. एकदा प्रसेनजीत म्हणाला, "आई, आता खाली कुणी न्हाय, मार की जोरात."

"पलीकडं कोण निजलंय ते तुला ठावं हाय व्हय?" ती म्हणाली.

लेन्झबाईंना आमची चटणी कधीच खाता आली नाही. बोटाच्या टोकाला लावून चाखली आणि त्या तासभर पाणी पीत बसल्या. पण निघायच्या दिवशी त्या आम्हाला सोडायला खाली आल्या, आणि लेन्झ एकटे, कुणाचा हात न धरता, पाच पायऱ्या उतरले.

कोल्हापूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुटायची वेळ आली. शेवंताबाईने लसूण सोलला, मला पुढ्यात घेतलं आणि ती थांबली. मग उठून उजवीकडच्या घरी गेली. तिथे तौसीफ राहतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. मधे एकच भिंत आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तौसीफ, बाळा, तू किती वाजता उठतोस?"

"का वो मावशी?"

"कुटायचं हाय. तू उठल्यावर कुटतो."

तो म्हणाला, "बारा वर्षं झाली मला रात्रपाळीला. आजपातुर कुणी इचारलं न्हवतं."

"मग तू सांगितलं का न्हाईस रं?"

"तुमच्या चटणीचं सगळी गल्ली कौतुक करत हुती. मी एकट्यानं काय सांगायचं? कानात बोळा घालून निजायचो."

बारा वर्षं, मित्रांनो! भिंतीच्या एका बाजूची टकटक मी ऐकली. दुसऱ्या बाजूला कानात बोळे घालून पडलेला माणूस मला कधीच ऐकू आला नाही. जर्मनीत मला वाटलं होतं, परदेशात कसं वागावं हे आपण शिकलो. पण तिथे मला एकच रविवार कुणी सोसलं, आणि इथे बारा वर्षं.

आता मी दुपारी चारनंतर वाजतो. तरी मी स्वस्थ नाही, आणि मला स्वस्थ व्हायचंही नाही. तुम्हीही थोडे अस्वस्थ राहा. दार लावताना, गाणं मोठं करताना, हॉर्न वाजवताना, परक्या देशात आणि आपल्या गल्लीतही. जो तुमचं कौतुक करतो तो आपण होऊन येतो. ज्याला त्रास होतो तो बहुधा येत नाही. त्याच्याकडे तुम्हीच जा, दारावर हळू थाप द्या आणि विचारा.