पांढऱ्या वाडग्यातली पिल्लं

शोवा जातीच्या रंगीत कोई माशांची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडली, की तीन-चार दिवसांत निवडावी लागतात. काळी ठेवायची, फिकी काढून टाकायची. जपानमधल्या यामाकोशी गावातल्या एका घरात हे काम चौदा वर्षं तोमिएचं होतं. यंदा मात्र तिच्या सासऱ्यांनी, झेनकिचींनी, एकाच जोडीची पिल्लं दोन पिंपांत वाटली: एक पिंप तोमिएला, दुसरं फेब्रुवारीत लग्न होऊन आलेल्या धाकट्या सुनेला, नात्सुहोला.

"जिची निवड चांगली, तिच्याकडे यापुढे हे काम," एवढं बोलून ते वरच्या तळ्यांकडे गेले.

नात्सुहो माशांच्या रंगांची जनुकं शिकून आलेली. "वहिनी, या नर-मादीत काळ्याचं एकेकच जनुक असावं. म्हणजे चारांत तीन काळी निघतील."

"मोजून मासे पाळतेस होय गं?"

"सवयच लागलीय हो."

तोमिएच्या पोटात दुखलं. परवा जेवताना सासऱ्यांनी हिला विचारलं होतं, लाल रंग कशाने उतरतो, आणि चॉपस्टिक्स हवेतच धरून ऐकत बसले होते. चौदा वर्षांत त्यांनी तोमिएला फक्त सांगितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं.

आणि पोरीचा हात तरी कसा चालत होता! चार-पाच पिल्लं जाळीने पांढऱ्या वाडग्यात घ्यायची, एक नजर, की लगेच वेगळी. ती कधी चुकते याची वाट तोमिए बघत बसली. मध्येच भानावर यायची, आपल्या वाडग्यात बघायची, फिकी दिसतील ती टाकाऊ बादलीत ओतायची आणि पुन्हा तिकडे बघायची.

दुपारी नात्सुहोने दोन्हीकडची पिल्लं मोजली.

"वहिनी, तुमच्याकडे निम्मीच काळी कशी?" तिने आवाज खाली आणला. "वाडग्यात फार वेळ राहिली का?"

तोमिएचा चेहरा उतरला. पांढऱ्यावर ठेवलं की काळं पिल्लूही रंग आखडून घेतं आणि फिकं दिसतं. सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट.

नात्सुहोने काळी परात आणली, तोमिएची टाकाऊ बादली तीत रिकामी केली. थोड्या वेळाने एकेक पिल्लू गडद होत गेलं. कितीतरी. तेवढ्यात झेनकिची आले.

"टाकाऊत एवढी काळी? कोणाची निवड ही?"

"माझी, बाबा," नात्सुहो पटकन म्हणाली. "बोलण्याच्या नादात राहून—"

तोमिएच्या अंगाचा तिळपापड झाला. नजर हिची, हिशेब हिचा, आणि वर आता मोठं मनही हिचंच!

"तिची कुठली? माझी आहे!" ती जवळजवळ ओरडलीच. "चौदा वर्षांत पहिल्यांदा चुकले. ती चूकही हीच घेणार का?"

झेनकिचींनी पिल्लं निवडायची तोमिएची जाळी उचलून नात्सुहोच्या हातात दिली. नात्सुहोने मान खाली घातली. तोमिए मात्र ताठ उभी होती.