तोंड नको, पाऊल दाखव

अहो, सावकाश! दार इतकं आपटू नका, मलाही लागतं. मी जव्हार-मोखाडा रस्त्यावरची काळीपिवळी जीप बोलतेय. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, मागे तांदळाची पोती आणि आत मावतील तितकी माणसं, वर आणखी एक. 'जरा सरका' हे मी जन्मात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य.

माझं अंग लोखंडाचं, पण डोकं संगणकाचं. ब्रेक, दिवे, दारं, सगळ्यांना हुकूम तिथूनच सुटतो. आता डोकं आलं म्हणजे ते फिरवणारेही आलेच! कोणी चोरट्या वाटेने आत शिरला, तर भर घाटात माझे ब्रेक काढून घेईल. म्हणून दूर जिनिव्हा शहरात बऱ्याच देशांची माणसं एकत्र बसली आणि गाड्यांसाठी नियम ठरवले. ओळख पटल्याशिवाय कोणाचं सॉफ्टवेअर आत घ्यायचं नाही. नवं घालायचं तर मालकाला आधी विचारायचं, कशासाठी ते सांगायचं. मध्येच बिघडलं, तर मुकाट जुन्यावर परत यायचं. माझ्या कंपनीच्या गाड्या परदेशातही जातात, म्हणून तेच वळण मलाही लागलं. जिनिव्हालाही डोंगर आहेत म्हणे. पण आमचा मुखवट्यांचा बोहाडा नाही, बिचारे!

मला मोखाड्याच्या ढवळूबाबाने घेतलं, पण चालवते त्याची लेक हर्षदा. हात असा सफाईदार की वळणावर झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. खोड एकच. पडद्यावर 'नवीन सॉफ्टवेअर आले आहे, घ्यायचे का?' असं मी विचारलं की ती न वाचताच 'नंतर' दाबते. उतारावरचा ब्रेक सुधारायचा होता हो! पण सीट भरलेली, लोक ओरडतायत, मग काय, नंतर.

बोहाडा आठवड्यावर आला होता. देवदेवतांचे मुखवटे लावून, संबळाच्या ठेक्यावर नाचायचा हा आमचा सण. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. नरसिंहाचा मान ढवळूबाबाच्या घराचा. पण यंदा त्याचा गुडघा धरला होता. घरचं कोणी नाचलं नाही, तर मान दुसऱ्या घरी जाणार. बाबा माझ्या पुढच्या सीटवर बसायचा आणि बोटांनी माझ्या अंगावर ठेका धरायचा. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी ठाण्याच्या गॅरेजात काम करणारा त्याचा पुतण्या रूपेश आला. "टेन्शन मत लो, काका. मुखवट्यात कोण बघतंय? चार उड्या मारू, झालं." बाबाचं तोंड उतरलं.

त्या दुपारी जव्हारहून रंगवलेला नरसिंह घेऊन आम्ही अंगणात आलो. मुखवटा सीटवर ऐटीत बसलेला. रूपेशने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "हर्षदा, तुझ्या गाडीचं स्पीड लॉक काढतो. बघ कशी पळते."

"कंपनीने लावलंय ते. गाडी हे आत घेईल का?"

"यावर कंपनीचंच नाव टाकलंय. गाडीला काय कळतंय?"

वा रे वा! मला काय कळतंय! नाव कंपनीचं, चिन्ह कंपनीचं, रंगसुद्धा तोच. पण कंपनी आपल्या प्रत्येक फाइलवर एक गुप्त सही करते, ती दुसऱ्या कोणाला जमत नाही. ही सही खोटी होती. मी पडदा लालभडक केला. 'ओळख पटली नाही.' त्याने पुन्हा लावला, मी पुन्हा लाल!

"अरे, ये तो पहचान गई!"

ओटीवर शेजारची पोशीकाकी नागलीची भाकर खात बसली होती. तिला हसू आवरेना. "मंग? गाडीला कळलं, आनि आमाला नाय कळनार? तोंड कुनाचं बी लाव रं पोरा, आमी पाय बगतो. ढवळूचं पाऊल मी लांबून सांगंल."

रूपेशचा हात तसाच राहिला. त्याने नरसिंहाकडे बघितलं, मग काकाच्या गुडघ्याकडे. पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि हळूच म्हणाला, "काका, मला पाऊल शिकव ना."

अहो, त्या आठवड्यात माझं बॉनेट म्हणजे संबळच झालं होतं! बाबा ठेका धरायचा, रूपेश अंगणभर धडपडायचा, हर्षदा पोट धरून हसायची. मार मला बसत होता, पण आनंदही माझाच होता.

बोहाड्याला मैदान भरलं, कडेला मी उभी. ढवळूबाबाने पंचांसमोर रूपेशच्या मुखवट्याची दोरी स्वतःच्या हाताने बांधली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हा माजा पुतन्या. ह्याला मी शिकवला. आजपून मान ह्याचा."

ही खरी सही! मला तर भोंगा वाजवावासा वाटला.

हर्षदाने ते पाहिलं, तिला माझा लाल पडदा आठवला असावा, आणि ती माझ्यापाशी आली. पडद्यावरची विचारणा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. "उतारावरचा ब्रेक? अगं बाई, आधी सांगायचं ना!" (किती वेळा सांगू, बाई?) आणि तिने 'आता' दाबलं. माझा पडदा काळोखला.

मी जागी झाले तेव्हा संबळ, पिपाणी आणि आरोळ्या एक झाल्या होत्या. मैदानात नरसिंह नाचत होता. नुकतीच येऊन माझ्या चाकाला टेकून बसलेली पोशीकाकी त्याच्या पायांवरून नजर हलवत नव्हती. मग तिने मांडीवर थाप मारली. "बरा झाला गं बाई ढवळूचा गुडगा! कसा नाचतोय बग!"

"काकी," तिच्या पाठीमागून ढवळूबाबाचा आवाज आला, "मी तर हितंच हाय."

आता उतार उतरताना माझा पाय कसा ठाम पडतो, बसलात की कळेलच. तुमच्या गाडीने कधी काही विचारलं, तर वाचा हो, लगेच 'नंतर' म्हणू नका. चला, सीट भरली. जरा सरका!