ओल्या फळ्यावरची अक्षरं

सकाळी साडेसातला वाचनालयासमोर दीडशे माणसं उभी होती. भिंतीवरचा काळा फळा नुकताच धुतलेला, ओला आणि कोरा. ऊन कौलांवरून खाली सरकलं, फळ्याच्या वरच्या कडेला लागलं, आणि आतून कुणी ढकलावं तसं एक पांढरं अक्षर वर आलं. मग दुसरं. ना खडू, ना हात.

"देव लिखी ऱ्हायना," समोरच्या दुकानातल्या भटू शिंप्याने टोपी काढून सांगितलं.

'आतलं बाहेर काढा.' पाच मिनिटांत एवढं वाक्य उमटलं. बायांनी पदर पसरले. मी मागे उभा होतो, हात न जोडता. कारण देव लिहीत नव्हता, हे गावात एकट्या मला माहीत होतं. ते अक्षर माझं होतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. अमळनेरहून एसटीने पाऊण तासावरच्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळायचो. दोनशे बारा पुस्तकं, कपाटाला कुलूप, कुलपाला गंज. बाहेरच्या फळ्यावर तीन वर्षं मी रोज गावाला चिमटे काढणारा मजकूर लिहिला. वाचक चार. भटू वाचायचा, कारण दुकानातून दुसरं काही दिसायचं नाही. पोस्टमन चुका काढायला वाचायचा. सरपंच आपल्यावर काही आलंय का ते बघून जायचे. चौथी शेळी, ती खडू चाटायची.

वाचक वाढवायचे म्हणून मी एक युक्ती काढली. अक्षरं आपोआप उमटली तर लोक बघायला येतील. पहिल्या दिवशी 'वाट पाहा', दुसऱ्या दिवशी 'आतलं बाहेर काढा', आणि तिसऱ्या दिवशी उलगडा: 'कपाटातली पुस्तकं. वर्गणी महिना आठ आणे.'

तिसरा दिवस उजाडलाच नाही. दुसऱ्याच दिवशी फळ्याखाली तोताराम महाराज येऊन बसले. गेल्या पावसाळ्यापर्यंत हे महाराज आठवडी बाजारात उंदीर मारायचं औषध विकत. आवाज तोच, माल बदललेला.

"ज्याच्या आत राग, त्याने राग काढावा. ज्याच्या आत भूत, त्याने भूत काढावं. ज्याच्या आत काहीच नाही, त्याने निदान पिशवीतला नारळ काढावा."

रोज सकाळी ते फळ्यावर तांब्याने पाणी ओतत. अक्षरं गडप. नारळांची रास जमली, ऊन आलं, की अक्षरं परत. मी रोज ठरवायचो: उद्या सांगू, परवा सांगू. खरं सांगायचं तर दीडशे वाचक सोडवत नव्हते.

नवव्या दिवशी गर्दीतून सुगंधाबाई पुढे आली. लग्नसराईत गावातली घरं चुन्याने रंगवून देणारी बाई. चुन्याने तिच्या बोटांना कायमच्या भेगा. तिने एक कागदी पुडकं फळ्याखाली ठेवलं आणि डोकं टेकवलं. पुडकं मी ओळखलं. उखर्डूच्या गोळ्या.

उखर्डू तिचा नवरा. त्याला क्षय झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यातून चार महिने गोळ्या चालू होत्या आणि गडी सावरत होता. लघवी लाल होते, ती गोळीच्या रंगाने, घाबरू नका, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. महाराजांनी सांगितलं, ते रक्त आहे, गोळी रक्त पिते, आतलं विष बाहेर काढ.

"सुगंधाबाई, गोळ्या कधीपासून बंद?" मी विचारलं.

"सात दिन व्हयनात, नाना."

"आणि उखर्डू?"

ती खाली बघून म्हणाली, "काल खोकलामा रगत पडनं."

"निघतंय, बाई," महाराज गोड आवाजात म्हणाले. "आतलं बाहेर निघतंय."

तेव्हा माझं तोंड उघडलं. "हे मी लिहिलंय. देवाने नाही."

 मग मागून हसू आलं. "नाना, तीन वरीस तुम्ही लिखं, कोनी वाचं का? आते देवानं लिखं तर तुम्हनं व्हयनं?"

महाराज हसले नाहीत. ते मुरलेले होते. "नानांच्या हाताने देवच लिहून गेला. नानांना कळलंसुद्धा नाही."

 मी आत गेलो, कोनाड्यातली वाटी आणि कापडाचा बोळा घेऊन आलो. फळ्याचा खालचा भाग पाण्याने पुसला आणि सगळ्यांसमोर एक ओळ लिहिली. फळा काळाच राहिला.

"बघा," महाराज म्हणाले, "काही नाही."

"थांबा."

तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला. ओल वाळेना. एक मिनिट, दोन मिनिटं. महाराजांनी मंत्र सुरू केला. कुणीतरी म्हणालं, देव कोपला. सुगंधाबाईने पुडक्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. पुढे होऊन तिने बोट वाटीत बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, भेगांत झोंबलं तशी तिची मान वर झाली.

"हाऊ चुना शे."

"पातळ चुना," मी म्हणालो.

"वल्ला चुना दखास नही," ती सावकाश म्हणाली. "वायना म्हंजे दखास." आयुष्यभर तिने हेच केलं होतं. पहिला हात मारला की भिंत तशीच दिसते, घरमालकीण कटकट करते, आणि वाळल्यावर पांढरी होते. त्या गर्दीत अशी एकही बाई नव्हती जिला हे माहीत नव्हतं. पण देवासमोर सगळ्यांनी आपापले हात जोडून ठेवले होते, आणि जे काही कळत होतं ते हातांनाच.

ढग सरकला. ओळ उमटू लागली.

"माले वाचता येस नही," सुगंधाबाई म्हणाली. "काय लिखेल शे?"

"उखर्डूला गोळ्या द्या, आजच."

तिने पुडकं उचललं आणि मागे न बघता चालू लागली. महाराज फळ्याला शेवटचा नमस्कार करत होते तोवर भटूने नारळांची रास स्वतःच्या दुकानात हलवली. महाराज नऊच्या एसटीने गेले, रिकाम्या हाताने.

दुपारच्या गाडीने मी उखर्डूला दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्याच्यावर थोडे आणि माझ्यावर पुष्कळ ओरडले. बरोबरच होतं. गोळ्या लांबल्या, पण वर्षाने उखर्डू फळ्यासमोर बसून माझा मजकूर सुगंधाबाईला मोठ्याने वाचून दाखवू लागला. तिला तो फारसा आवडत नसे.

म्हणजे वाचक सहा झाले, शेळी धरून. दीडशे परत आले नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच सांगायचं आहे: कुठे अक्षर आपोआप उमटलं, मूर्ती घामेजली, विभूती पडली, तर हात जोडण्याआधी पुढे व्हा आणि एक बोट लावून बघा. खरा देव असेल तर बोटाने रागावणार नाही.