तेराव्या वळणाखालची भिंत

दादाने फोनवर ठणकावून सांगितलं, "बाबांना खिंडीत नेऊ नकोस, एवढी उंची त्यांना झेपायची नाही." चार वर्षांत घरी फिरकला नाही, पण नको म्हणायला सगळ्यांत पुढे. मी फोन ठेवला आणि गाडीत पेट्रोल भरलं. डॉक्टरांना मी स्वतः विचारलं होतं. हळू चढा, वर अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका, म्हणाले. एवढंच.

बाबा गवंडी. एकतीस वर्षांपूर्वी खिंडीचा रस्ता होत होता, तेव्हा तेराव्या वळणाखाली रस्ता पेलणारी भिंत त्यांनी बांधली. सिमेंट नाही, दगडात दगड बसवून. इंजिनिअरसाहेब सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "पहिला बर्फ वितळला की ही खाली येणार, चार माणसांना घेऊन." आणि बाबांना कामावरून काढलं. रस्ता वर पोचला, पण बाबांनी खिंड कधी बघितली नाही. पेपरात खिंडीतल्या अपघाताची बातमी आली की चहा बाजूला ठेवून आधी वळणाचा नंबर शोधायचे. मी लहानपणापासून हेच बघितलंय.

"पडली असती तर रस्ता राहिला असता का?" मी शंभरदा विचारलं.

"पडल्यावर दुसरी बांधली असेल," ते म्हणायचे.

आता डोंगराखालून बोगदा झालाय. यंदाचा बर्फ पडला की वरचा रस्ता कायमचा बंद. म्हणून मी त्यांना सरळ गाडीत बसवलं.

"ड्रायव्हरबाई, ही तुमची शाळेची बस नाही. जरा दमानं," बाबा म्हणाले.

"बसमधली पोरं तुमच्यापेक्षा गप्प बसतात."

निसर्ग बघून उसासे टाकणाऱ्यांचा मला राग येतो. गाडीतून उतरायचं, 'अहाहा' म्हणायचं, वेफर्सचं पाकीट दरीत फेकायचं. पण नवव्या वळणावर झाडं संपली आणि माझ्याच तोंडून 'अहाहा' निघता निघता राहिलं. जांभळा खडक, त्यावर गंजासारखे पट्टे, आणि त्याच्या मागे बर्फाची शिखरं, इतकी जवळ की काच खाली करून हात लावावा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत होती. माझ्या कानांना दडे बसले आणि पुन्हा सुटले. बाबा मात्र समोरच्या कड्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"थर बघ कसे बसलेत. मध्ये सुरी जायची नाही. आणि ओळंब्याची दोरी न लावता!"

बाराव्या वळणावर मी गाडी कडेला घेतली. इथून मान वर केली की तेराव्याची भिंत समोर दिसते. वरून जाणाऱ्याला ती दिसतच नाही, तो तिच्या डोक्यावरून निघून जातो. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"तू सांग."

"उभी आहे."

"सिमेंट?"

"नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"बाबा, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून आजवर काही केलंय का?"

"मध्येच फुगलीय का? पाणी कुठून येतंय?"

"सरळ आहे. पाणी सगळीकडून येतंय. प्रत्येक फटीतून थेंब थेंब."

बाबांनी डोळे उघडले. शेजारी साहेबांनी बांधून घेतलेली सिमेंटची भिंत होती, वरपासून खालपर्यंत तडकलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. आत पाणी कोंडलं की असंच होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्याच भिंतीकडे बघत राहिले, एखादी लेक सासरहून आल्यावर बघावं तसं.

खिंडीच्या माथ्यावर गाड्यांची गर्दी होती. उंचीच्या पाटीशी फोटोसाठी ढकलाढकली, आणि बाजूला संगमरवरी दगड, त्यावर फीत कापणाऱ्यांची नावं. साहेबांचंही होतं. ज्यांची बोटं दगडाखाली चेंगरली त्यांच्यापैकी एकाचंही नव्हतं. मी थुंकणार होते. बाबांनी हात धरला.

"ते नंतर. आधी हे बघ."

पलीकडे उताराखाली दुसरी दरी, तिच्या तळाशी निळं तळं, आणि मग डोंगर, डोंगर, डोंगर. वारा कानशिलात मारत होता. बाबांनी टोपी काढून छातीशी धरली.

"इथवर येत होता होय आपला रस्ता," ते म्हणाले.

पंचवीस मिनिटं झाली तशी मी त्यांना ओढूनच गाडीत घातलं. उतरताना बाराव्याला ते म्हणाले, "मला इथे उतरव. तू वर जाऊन पुन्हा खाली ये. मला बघायचंय."

मी वर गेले, गाडी वळवली. मागे प्रवाशांनी भरलेली बस आली, हॉर्नवर हॉर्न. तेराव्यावर पोचले आणि रोज चाळीस पोरं नेणाऱ्या मी स्टिअरिंग घट्ट धरलं. खाली, टाचणीएवढे बाबा. एक हात वर, पंजा हलवत होते, दगडांचा ट्रक मागे घेताना करतात तसा. ये. ये. येऊ दे.

मी आले. बस आली. दोघी भिंतीवरून सरसर उतरलो.

"बसमध्ये किती माणसं होती?" बाबांनी विचारलं.

"पन्नास तरी असतील."

"पन्नास," ते म्हणाले, आणि टोपी नीट बसवली. "परत एकदा जा बघू."

मी गेले.