कडेला लिहिलेला शब्द

"आधी मला सांग, तू लिवलं काय त्या कागदात?"

भागुबाईने मालिनीला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. पेठ तालुक्यातल्या या आतल्या पाड्यावर मागच्या वर्षी मालिनी आली होती, तेव्हा याच ओट्यावर तिला नागलीची भाकरी आग्रहाने वाढली होती.

"कुठल्या कागदात, मावशी?"

"मागल्या आखाडात भरलास त्या. गोरक्ष मास्तर म्हनला, नाशकातून पत्र आलं. हितलं कोनी भायेर जातच नाय म्हने, मंग पोरांना वसतिगृह कशाला? कुलूप लावलं. आता तेजलला कुठं ठेवू मी?"

वसतिगृह म्हणजे काय, तर शाळेच्या मागच्या दोन खोल्या. दिवाळीनंतर पाडा रिकामा होई, मोठी माणसं निफाडकडे द्राक्षबागांवर जात, आणि पोरं होळीपर्यंत त्या खोल्यांत राहून शाळा करत. भागुबाईची नात तेजल सातवीत होती. तिच्या घरातलं कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. खोल्या बंद, म्हणजे तेजल बागेत. आणि एकदा बागेत गेलेली मुलगी वर्गात परत येत नाही, हे पाड्यावर कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"काहीतरी घोटाळा झालाय," मालिनी म्हणाली. "मी नीट लिहिलंय. उद्याच ऑफिसात विचारते."

तिची खात्री होती, कारण ते लिहिणं तिला चांगलं आठवत होतं. प्रश्न एकवीस: गेल्या वर्षभरात घरातल्या कोणी कामासाठी गाव सोडलं का? भागुबाईला या प्रश्नाचा रागच आला होता. "गाव कशाला सोडू? आमचे देव हितं, आमचे मेलेले हितं. काय चोरी केली आमी?" बासष्टच्या बासष्ट घरांनी असंच ठणकावून सांगितलं. माणूस बोलेल त्यावरच खूण करायची, हा तिच्या संशोधन संस्थेतल्या सरांचा नियम. मालिनीने बासष्ट वेळा 'नाही'वर खूण केली. मग फॉर्म मिटल्यावर, चहा पिताना भागुबाई सहज म्हणाली, "दिवाळी झाली का जगाया जाऊ निफाडला. चार महिने."

मालिनीचा कप हातातच राहिला. ही माणसं गाव सोडत नव्हती, जगायला जात होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारोदार फिरली आणि प्रत्येक फॉर्मच्या कडेला लाल पेनने लिहिलं: जगायला जातात. निघताना भागुबाईला म्हणालीसुद्धा, "तुमचा शब्द मी वरपर्यंत पोचवते." त्या दिवशी तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

संस्था नाशकात, गंगापूर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. मालिनी तिथे एकोणीस वर्षं क्षेत्र-अन्वेषक होती, म्हणजे डॉ. वेणीमाधव सर ज्या गावांबद्दल बोलत, त्या गावांत जाऊन येणारी. पेठच्या अहवालाचे गठ्ठे तिनेच बांधले होते, पण आभाराच्या पानावर आपलं नाव पाहून तिने अहवाल पुढे न वाचताच मिटला होता. आता तिने तक्ते उघडले. हंगामी स्थलांतर, संपूर्ण पेठ तालुका: तीन टक्के.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली.

"सर, माझा शब्द कुठे गेला?"

"कुठला शब्द?"

"जगायला."

सर एकदम खुलले. "अहो, त्या शब्दानेच तर दिल्लीचं व्याख्यान गाजलं. किती जणांनी येऊन विचारलं, हा शब्द मिळाला कुठे." त्यांनी खणातून एक देखणी पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'जगायला', खाली पाड्याचा फोटो. "तुम्हाला एक प्रत द्यायची राहूनच गेली."

मालिनी पुस्तिकेकडे बघत राहिली. आतापर्यंत ती समजत होती, की फॉर्म संगणकात भरताना कुणीतरी कडेचं वगळलं असेल. कुणीही काही वगळलं नव्हतं. सरांनी वाचलं होतं.

"मग तक्त्यात का नाही?"

"तक्त्यात उत्तरं जातात, मालिनीताई. उत्तर 'नाही' होतं. खूण तुमचीच आहे."

"पण तुम्हाला कळलं होतं ना, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ज्यांच्यासाठी आपण हा अहवाल केला, त्या शिक्षण खात्याला वसतिगृहं कमी करायचीच होती. त्यांना आधाराला एक आकडा हवा होता. आपण हुज्जत घातली असती तर पुढचं काम दुसऱ्या संस्थेला गेलं असतं. शेवटी संशोधन वेगळं आणि धोरण वेगळं. त्याचं काय करायचं ते सरकार ठरवतं."

मालिनीला सरांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. लोकांचं ऐकायला तिला याच माणसाने शिकवलं होतं. त्याच्या भरवशावर ती एकोणीस वर्षं लोकांच्या ओट्यांवर बसून शब्द देत आली होती.

"बरं, आलाच आहात तर," सर म्हणाले आणि त्यांनी नव्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे सरकवला. 'मुलींची शाळागळती: कारणांचा शोध.' "हेही त्याच खात्याचं काम. पेठ तुमच्याकडेच ठेवलाय."

गठ्ठा तिथेच टाकून निघून यावं, असं तिला वाटलं. पण मग दुसरी कोणी गेली असती आणि मिळेल त्या उत्तरावर खूण करून आली असती. तिने गठ्ठा उचलला.

पाडा तोवर रिकामा झाला होता. भागुबाई तिला निफाडच्या पुढे, एका बागेच्या बांधावर भेटली. प्लास्टिकच्या कागदाची खोपटी, तीन दगडांची चूल. तेजल मोठ्या बायकांबरोबर वेलींखाली उभी राहून, जादा मणी काढून घड विरळत होती. तिने मालिनीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वर हात केले.

"मी लिहिलं होतं, मावशी," मालिनी म्हणाली. "पण कडेला."

"कडंला का? मधी जागा नव्हती?"

मालिनीने मग सगळं सांगितलं. तक्ता, व्याख्यान, पुस्तिका. भागुबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हंजी तुज्या सायेबाला समजलं व्हतं."

"हो."

"समजून बी?"

"हो, मावशी."

भागुबाईने मालिनीच्या मांडीवरच्या फॉर्मकडे बोट केलं. "ह्यो नवा का? इचार."

पहिलं पान तेच होतं, जुने प्रश्न जसेच्या तसे उचललेले. मालिनीने कामासाठी गाव सोडल्याचा प्रश्न गाळला. "याचं मी भरते. मला माहीत आहे."

"नाय. मागल्या वक्ताला इचारलंस तसं इचार."

मालिनीने विचारलं. भागुबाईने वेलींखालच्या तेजलकडे पाहिलं. मग पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, मयताच्या घरी बसताना बाया घेतात तसा.

"व्हय," ती म्हणाली. "सोडलं गाव. मधी लिव."

मालिनीने 'होय'वर खूण केली.